मदत हवी आहे: शाळेच्या अर्जात 'धर्म' रकान्यात 'नाही' लिहिलेलं चालतं का? (तातडीचं)

रानजाई
मुलीचा पहिलीचा प्रवेश आहे. अर्जात 'धर्म' रकान्यापुढे आम्ही 'नाही' असं लिहिलं. खिडकीवरच्या लिपिकाने अर्ज परत केला. रकाना मोकळा चालत नाही, संगणकात पुढे सरकत नाही म्हणे. मी म्हटलं, मोकळा कुठे आहे, 'नाही' लिहिलंय की. त्यावर त्यांनी आमचं आडनाव वाचलं, 'नाही'वर आडवी रेघ मारली आणि शेजारी पेन्सिलीने बारीक अक्षरात 'हिंदू' लिहिलं. "हे पेनाने गिरवा आणि सोमवारी घेऊन या." आम्ही दोघंही हिंदू नाही!

कायदा काय सांगतो एवढंच हवंय. सोमवारच्या आत. 'काहीतरी लिहून मोकळ्या व्हा' हा सल्ला घरात सगळ्यांनी देऊन झालाय.

लिंबोणी
'मानव' लिहा. माझ्या दिराने दोन्ही मुलांचं तसंच लिहिलं आणि शाळेने मुकाट्याने घेतलं. रकानाही भरला, मनासारखंही झालं.

निवृत्त_गुरुजी
ताई, अर्धी माहिती दिलीत. शाळा अनुदानित की स्वयंअर्थसहाय्यित? राज्य मंडळ की दुसरं? आरटीईच्या २५ टक्क्यांतून प्रवेश आहे का? 'जात' रकान्यात काय लिहिलंत? आणि दोघंही हिंदू नाही म्हणजे कोण आहात, हे सांगितल्याशिवाय कोणी काय सांगणार?

रानजाई
आमचा धर्म कोणता हे सांगायचं नाही, म्हणून तर धागा काढला ना! शाळा अनुदानित, मराठी माध्यम, राज्य मंडळ. आरटीईतून नाही. जात रकान्यात रेघ मारली आहे.

कोर्टकचेरी
अनुदानित आहे ना, मग बळ तुमच्या बाजूने आहे. मुंबई उच्च न्यायालयाचा सप्टेंबर २०१४ चा निकाल काढून ठेवा. याचिकाकर्ते तिघे होते. आपला कोणताही धर्म नाही अशी नोंद राजपत्रात छापून मिळावी म्हणून त्यांनी शासकीय मुद्रणालयाकडे अर्ज केला होता आणि तो नाकारला गेला. न्या. अभय ओक आणि न्या. चांदूरकर यांच्या खंडपीठाने म्हटलं की, राज्यघटनेच्या २५व्या कलमातल्या सद्सद्विवेकाच्या स्वातंत्र्यात कोणताच धर्म न मानण्याचा हक्कही येतो. सरकारी अर्जात 'धर्म नाही' असं लिहिता येतं आणि सरकारी यंत्रणा कोणालाही धर्म सांगायची सक्ती करू शकत नाही.

तुमचं लग्न कोणत्या कायद्याखाली झालं? तेही महत्त्वाचं आहे. विशेष विवाह कायदा, १९५४ खाली झालं असेल तर वारसाहक्काला भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ लागतो (नवरा-बायको दोघंही हिंदू, बौद्ध, शीख वा जैन असतील तर तो लागत नाही). मुलीच्या नावावर काही मिळकत असेल तर आत्ताच कागद नीट करून घ्या. 'धर्म नाही' लिहिल्याने वारसाचा कायदा बदलत नाही, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. हिंदू उत्तराधिकार कायद्यात तर मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी, ज्यू सोडून बाकी सगळे जवळपास आपोआप हिंदूंत धरले जातात.

रानजाई
लग्न विशेष विवाह कायद्यानेच, २०१६ साली. वारसाहक्काचं काही विचारलं नव्हतं. निकालाबद्दल मात्र मनापासून आभार.

लिंबोणी
एवढ्याशा कागदासाठी उच्च न्यायालय कशाला? लिपिकाशी गोड बोला, काम होतं.

कोर्टकचेरी
गोड बोलून झालेलं काम पुढच्या वर्षी नवा लिपिक आला की उलटतं. आणि 'मानव' हे धर्माचं नाव म्हणून नोंदलं जातं. 'धर्म नाही' असं त्यातून कुठे निघतं? ताईंना ते म्हणायचंच नाही.

निवृत्त_गुरुजी
कोर्टकचेरी, निकाल वाचला. तो राज्ययंत्रणेपुरता आहे. मुख्याध्यापक रजिस्टरपुढे बसलेला असतो तेव्हा त्याची अडचण वेगळी असते. मी २७ वर्षं जनरल रजिस्टर भरलंय. त्यात धर्म, जात, पोटजात असे वेगळे रकाने असतात. शाळा सोडल्याचा दाखला त्यावरूनच उतरतो आणि एकदा शाई लागली की शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय अक्षर हलत नाही. म्हणून लिपिक घाबरतात. त्यांना दुष्ट समजू नका. युडायस (शाळांची सरकारी माहिती-नोंद) भरायचो तेव्हा अल्पसंख्याक गटापुढे 'लागू नाही' हा पर्याय असायचा. संगणक अडतो हे कारण मला पटत नाही.

ओतूरकर
विषय निघालाच आहे तर सांगतो. एके काळी सरकारच म्हणत होतं, 'धर्म नाही' असं लिहून द्या! १८७२ च्या विवाह कायद्याने लग्न करायचं तर वधूवरांना जाहीर करावं लागे की आम्ही ख्रिस्ती, ज्यू, हिंदू, मुस्लिम, पारशी, बौद्ध, शीख, जैन यांपैकी कोणताही धर्म पाळत नाही. मनात श्रद्धा असूनही लग्नासाठी माणसं हे लिहून देत. १९२३ साली हरिसिंग गौर यांच्या दुरुस्तीने हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांना धर्म न सोडता लग्न करता येऊ लागलं आणि सर्वांना ती मोकळीक १९५४ च्या कायद्याने मिळाली. आणि त्याच काळात आमच्या जुन्नर भागात सत्यशोधक पद्धतीची, भटजीशिवायची लग्नं लागत होती. ओतूरच्या लग्नाचा दक्षिणेचा वाद तर कोर्टात गेला होता. १८७३ साली...

शेवंती
ओतूरकर, यावर वेगळा धागा काढा, मी वाचेन. इथे सोमवार डोक्यावर आहे. रानजाई, शाळेत प्रार्थनेला हात जोडायला लावतात का तेही आत्ताच विचारून घ्या. शासनमान्य किंवा अनुदानित संस्थेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही, कलम २८ (३). नाशिककडच्या एका शिक्षकांनी प्रार्थनेत हात जोडायला नकार दिला होता, तेव्हा उच्च न्यायालय त्यांच्या बाजूने उभं राहिलं.

दीक्षाभूमी_रोड
मला एक विचारायचंय. आडनाव वाचून लिपिकाने हिंदू ठरवलं आणि तुम्ही म्हणता दोघंही नाही. तुमच्यापैकी कोणी बौद्ध आहे का? असेल तर जात रकान्यातली रेघ किती महागात पडेल याचा विचार केलाय का?

रानजाई
हो. नवरा बौद्ध, नागपूरचा. मी वसईची, ख्रिस्ती. त्याचा जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र दोन्ही आहेत. मुलीसाठी आत्ता कुठलीही सवलत मागायची नाहीये.

निवृत्त_गुरुजी
ताई, हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं. सगळं उत्तरच बदललं.

दीक्षाभूमी_रोड
आत्ता मागायची नाही. ती अठरा वर्षांची झाल्यावर? अनुसूचित जातीचा दर्जा धर्माला बांधलेला आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात तो फक्त हिंदूंपुरता होता. १९५६ मध्ये शीख आले, बौद्ध थेट १९९० मध्ये. म्हणजे दीक्षा घेतल्यावर ३४ वर्षं केंद्राच्या लेखी आमची माणसं अनुसूचित जातीत नव्हती. माझ्या वडिलांनी 'बौद्ध' लिहिलं आणि केंद्राच्या नोकरीतली जागा सोडली. 'हिंदू' लिहा, साहेब होता येईल, असं सांगणारे तेव्हाही होते. १४ ऑक्टोबर १९५६ ला वडील नागपूरला दीक्षेच्या मैदानात होते आणि दोन दिवसांनी चांद्यालाही (चंद्रपूरला) गेले. तो रकाना आमच्यासाठी रिकामी जागा नाही, ताई. आम्ही तो स्वतःच्या हाताने बदलून भरलाय. तुम्ही तो पुसायला निघालात म्हणून हे लिहिलं. राग नाही, पण लागलं मात्र.

कोर्टकचेरी
भावना समजते, पण जातीचा दाखला मुलीच्या पहिलीच्या अर्जावरून निघत नाही. वडील, आजोबा यांचे जुने पुरावे आणि १० ऑगस्ट १९५० च्या आधीचं वास्तव्य यावर निघतो.

दीक्षाभूमी_रोड
कागदावर बरोबर. जात पडताळणी समितीपुढे बसून बघा. मुलीच्या स्वतःच्या दाखल्यावर 'धर्म नाही' आणि मागणी अनुसूचित जातीची, पहिला प्रश्न तोच येतो. आई ख्रिस्ती आहे म्हटल्यावर दुसरा. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या एका ख्रिस्ती महिलेची अनुसूचित जातीची मागणी फेटाळली ना? आपण हिंदू असल्याचं ती म्हणत होती, न्यायालयाने पुरावे पाहून ते मान्य केलं नाही. धर्म रकान्यात काय लिहिलंय याला आपल्याकडे किंमत आहे.

कोर्टकचेरी
ती बाई नियमित चर्चला जाणारी होती. या लेकराचा तर कुठलाच धर्म अजून ठरलेला नाही. मोठी झाल्यावर ती बौद्ध म्हणून जगली तर प्रश्न त्या वेळच्या पुराव्यांचा असेल. आंतरजातीय लग्नातल्या मुलांबद्दलही सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सांगितलंय की जात वडिलांवरून आपोआप ठरत नाही, मूल कसं वाढलं हे पुराव्याने पाहायचं.

लिंबोणी
तमिळनाडूत एका वकील बाईंना २०१९ साली 'जात नाही, धर्म नाही' असं सरकारी प्रमाणपत्र मिळालं होतं. तसंच काढून टाका, वाद मिटेल.

शेवंती
लिंबोणी, नऊ वर्षं झगडून मिळालं ते. ताईंकडे दोन दिवस आहेत.

रानजाई
दीक्षाभूमी_रोड, तुमचा प्रतिसाद मी नवऱ्याला वाचून दाखवला. त्याचे आजोबाही ५६ ला नागपुरातच होते. सासऱ्यांना अर्ज दाखवला तेव्हा त्यांनी चष्मा काढला, अर्जाची घडी घातली आणि माझ्या हातात परत दिला. दिवसभर बोलले नाहीत. म्हणून तर मी इथे 'घरात सगळ्यांनी सांगून झालंय' असं लिहिलं, ते का म्हणतात ते लिहिलं नाही. चूक झाली.

पण माझंही ऐका. माझा बाप्तिस्मा मी पंधरा दिवसांची असताना झाला. मला चर्चबद्दल राग नाही, ख्रिसमसला आम्ही सगळे वसईला असतो, आणि बुद्धपौर्णिमेला नागपूरला. लेक दोन्हीकडे रमते. तुमच्या वडिलांनी चांगलं मोठं झाल्यावर, समजून-उमजून आपला रकाना भरला. माझ्या मुलीलाही तेच मिळावं, एवढंच आहे. मी काही पुसत नाहीये, तिच्यासाठी राखून ठेवतेय. आणि 'हिंदू' तर आमच्या दोघांच्या घरात कोणीच लिहिलेलं नाही, ते पेन्सिलीने परक्या माणसाने का ठरवावं?

दीक्षाभूमी_रोड
पेन्सिलीतलं 'हिंदू' खोडायलाच हवं, त्यात माझे दुमत नाही. सासऱ्यांशी तुमच्या यजमानांनी बोलावं, तुम्ही नाही. आणि जात रकान्यातली रेघ काढा. तिथे 'वडिलांचे जात प्रमाणपत्र उपलब्ध' एवढं तरी नोंदवता येतं का ते विचारा. तेवढी वाट मुलीसाठी उघडी ठेवा. बाकी निर्णय तुमचा.

निवृत्त_गुरुजी
हे बरोबर बोलले. आता सोमवारी काय करायचं ते सांगतो. खिडकीवर वाद घालू नका, थेट मुख्याध्यापकांना भेटा. दोन ओळींचा अर्ज द्या: 'पाल्याच्या धर्माच्या रकान्यात पालक स्वेच्छेने "नाही" अशी नोंद करत आहेत, मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाची प्रत जोडली आहे.' दोघांच्या सह्या. दुसऱ्या प्रतीवर पोच, शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. नकार देत असतील तर लेखी मागा. लेखी नकार कोणी देत नाही. जन्माचा दाखलाही जोडा, त्यावर धर्म छापलेला नसतो.

ओतूरकर
आधार आणि पासपोर्टवरही धर्म नसतो. २०११ च्या जनगणनेत सुमारे २८.७ लाख लोकांचा धर्म 'नमूद नाही' असाच मोजलाय. देशाच्या रजिस्टरात चालतं ते पहिलीच्या अर्जात का चालू नये?

रानजाई (सोमवार, रात्र)
झालं. नवरा सोबत आला होता. मुख्याध्यापिका बाईंनी निकालाची प्रत उभ्या उभ्याच वाचली, शेवटच्या पानावर बोट ठेवून लिपिकांना बोलावलं. अर्ज घेतला, पोच दिली. रजिस्टरमध्ये धर्मापुढे 'नाही', जातीपुढे 'पालकांनी नमूद केलेली नाही, वडिलांच्या प्रमाणपत्राची प्रत जोडली' असं लिहू म्हणाल्या. रात्री सासऱ्यांनी नवऱ्याकडून पोच मागून घेतली आणि वाचली. अजून काही बोलले नाहीत.

एक राहिलं. लिपिकांनी माझ्यासमोर खोडरबराने 'हिंदू' पुसलं, पण कागद उजेडात धरला की दाबाचा ठसा दिसतो आणि 'नाही'वरची रेघ तशीच आहे. नवा अर्ज भरून मागू का?

निवृत्त_गुरुजी
मागा. उद्याच. आणि जुन्याचा फोटो काढून ठेवा.