होडीच्या ‘हल’ला (इंग्रजी hull) मराठीत काय म्हणावं? ‘सांगाडा’ चालेल का?

दर्यावाचक: फायबरच्या होडीच्या देखभालीची एक पुस्तिका मराठीत आणतोय. ‘हल’ धुवा, ‘हल’वर फोड आलेत का पाहा, ‘हल’ची लांबी मोजा, असं पानोपानी आहे. मी सगळीकडे ‘सांगाडा’ लिहिलंय, पण खटकतंय. कॅटमरानला दोन ‘हल’ असतात, तिथे ‘दोन सांगाडे’ लिहायचं का?

वाकपठाण: ‘सांगाडा’ काढाच. लाकडी होडीत तळाला लांबलचक पठाण (कण्यासारखं लाकूड) आणि त्यावर फासळ्यांसारखे वाक, एवढाच सांगाडा. त्यावर फळ्या मारून सांधे बुजवले की पाणी बाहेर ठेवणारं अंग तयार होतं, ते हल. डोलकाठी, शीड, सुकाणू, इंजिन त्यात धरत नाहीत. म्हणून लांबी मोजतानाही मागे टांगलेलं इंजिन सोडून द्यायचं.

‘हलवर फोड पाहा’चं ‘सांगाड्यावर फोड पाहा’ केलंत, तर वाचणारा आत शिरून फासळ्या तपासेल. फोड येतात बाहेरून, पाण्याखालच्या भागावर.

किनाऱ्यावर सरळ ‘बॉडी’ म्हणतात: लाकडी बॉडी, फायबर बॉडी. पुस्तिका होडीवाल्यांसाठी असेल तर तेच लिहा. नुसतं ‘हल’ लिहिलं तर मराठी डोळ्याला ते ‘हलणे’चं आज्ञार्थी रूप वाटतं. ‘तळ’ फक्त पाण्याखालच्या भागापुरता ठेवा.

उलांडी: कॅटमरानसाठी ‘जोडबॉडीची होडी’ चालेल. गंमत म्हणजे ‘कॅटमरान’ हा शब्द ज्या तमिळ ‘कट्टुमरम’वरून आला, त्याला हल नसतोच. कट्टु म्हणजे बांधणे, मरम म्हणजे लाकूड. ओंडके एकत्र बांधलेले, पोकळी नाही. आपल्याकडच्या होडीला आडव्या दांड्यांनी जोडलेली उलांडीही दुसरी बॉडी नव्हे. ते होडी कलंडू नये म्हणून लावलेलं भरीव लाकूड. त्यामुळे उलांडीची होडी एकाच बॉडीची.

दर्यावाचक: पटलं, ‘बॉडी’ करतो. फोडांच्या परिच्छेदात ‘हल पूर्ण वाळू द्या’ आहे. तिथे बाहेरचा थर वाळला की पुरे, असा अर्थ घ्यायचा का?

वाकपठाण: नाही, आणि तो फरक मराठीत उतरलाच पाहिजे. पाणी जेलकोटमधून (फायबरवरच्या बाहेरच्या गुळगुळीत थरातून) झिरपून पॉलिएस्टर रेझिनच्या (फायबर घट्ट धरणाऱ्या राळेच्या) थरात साठतं, तिथले विरघळणारे अंश ओढून घेतं, दाब वाढतो आणि फोड येतो. फोडला तर व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. तो भाग घासून उघडा करायचा, गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवायचा आणि आतपर्यंत वाळू द्यायचा. त्याला कित्येक आठवडे लागतात, पावसाळी हवेत तर काम धरूच नये. वरवर कोरडं दिसलं म्हणून इपॉक्सी (पाणी अडवणारा राळेचा लेप) चढवलं, तर ओल आत कोंडते आणि त्याच जागी पुन्हा फोड उठतात. म्हणून लिहा: ‘बॉडी आतपर्यंत वाळू द्या’.