बीपी लो आणि सारखी धास्ती, यातलं आधी काय आणि नंतर काय?

झोपमोड
वय २४, बसून काम. गेले काही महिने बीपी ९५/६० च्या आसपासच येतंय, एकदोनदा ८८/५६ पण आलं. सकाळी झटकन उठलं की डोळ्यापुढे अंधारी येते, भिंत धरून उभं राहावं लागतं. त्यात कामाचं टेन्शन प्रचंड, मीटिंगच्या आधी छातीत धडधड, हाताला मुंग्या, वाटतं आता पडणार आणि मग पडू या भीतीनेच अजून गरगरायला लागतं. घरचे म्हणतात टेन्शनवाल्यांचं बीपी वाढतं, तुझं तर कमी आहे, म्हणजे तुला टेन्शन नाहीच, नाटकं आहेत सगळी. डॉक्टर म्हणाले तुझं बीपी असंच असेल, काळजी करू नको. काळजी करू नको म्हटल्यावर काळजी थांबत असती तर इथे कशाला आले असते. टेन्शनने बीपी लो होतं की लो बीपीमुळे टेन्शन येतं? कोणाला असं झालंय का?

अर्धवटराव
सेम टू सेम. आधी सांग, मशीन दिवसातून किती वेळा लावतेस? मी तर रात्री झोप लागेना म्हणून पण मोजायचो, आकडा बघून घाबरायचो आणि मग परत मोजायचो. शेवटी घरच्यांनी मशीन लपवून ठेवलं 😅

वॉर्डातली_ताई
मी नर्स आहे, डॉक्टर नाही, तेवढं लक्षात ठेवून वाच.

घरच्यांचं अर्धंच खरं. टेन्शन आलं की अॅड्रिनलिन वाढतं, ठोके वाढतात आणि बीपी बहुतेक वेळा वरच जातं. म्हणजे मीटिंगच्या आधी जे होतं ते लो बीपीमुळे नसण्याचीच शक्यता जास्त. तेव्हा माणूस नकळत भराभर आणि वरवर श्वास घ्यायला लागतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि गरगरतं, हाताला, ओठांभोवती मुंग्या येतात. त्या क्षणी बीपी मोजलं तर नॉर्मल किंवा जास्तच दिसेल. यात श्वास हळू सोडायचा, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावायचा.

सकाळची अंधारी हे वेगळं प्रकरण. उभं राहिलं की रक्त पायाकडे उतरतं, शिरा आवळून आणि ठोके वाढवून शरीर ते सावरतं, त्याला उशीर झाला की अंधारी. पाणी कमी, झोप कमी, खाणं वेळेवर नाही, पाळीत रक्तस्राव जास्त, यातलं काहीही असेल तर ते वाढतं. आणि टेन्शनमध्ये हेच तर सगळं बिघडतं ना, म्हणजे टेन्शनने बीपी थेट खाली नेलं नाही तरी मागच्या दाराने नेतं!

९०/६० च्या खाली गेलं की लो म्हणतात, पण तरुण आणि बारीक मुलींचं ९०-१०० असणं काही विशेष नाही, त्रास नसेल तर औषध देत नाहीत. तुला त्रास होतोय, म्हणून एक कर. पाच मिनिटं आडवी पड, बीपी आणि नाडी दोन्ही लिही. मग उभी राहून एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी परत दोन्ही लिही. घरात कोणीतरी शेजारी असू दे आणि गरगरलं तर लगेच बस. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने पडत असेल तर डॉक्टरांना दाखव. बीपी पडत नाही पण नाडी ३० ने वाढते आणि दहा मिनिटं उभं राहिलं तरी वाढलेलीच, असं असेल तर पॉट्स नावाचा प्रकार असू शकतो, तरुण मुलींमध्ये जास्त दिसतो आणि त्यावर अँक्झायटीचा शिक्का सर्रास बसतो. नुसतं बसल्या बसल्या बीपी मोजून यातलं काहीच कळत नाही.

हिमोग्लोबिन, बी १२, थायरॉइड झालंय का? नसेल तर विचार. पळताना किंवा जिना चढताना शुद्ध गेली, छातीत दुखलं, घरात कोणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर मात्र फोरमवर विचारत बसू नको.

कापूसकोंडा
माझं अजून तिसरंच. रक्त काढायची सुई दिसली की आधी धडधड आणि मग एकदम घाम, कानात शीं आवाज, की गेलोच. घाबरल्यावर बीपी वाढतं म्हणतात पण या भीतीत आधी वाढून मग धाडकन पडतं, ठोकेही मंदावतात. मला मानसोपचारवाल्या मॅडमनी शिकवलं की इथे रिलॅक्स व्हायचंच नाही, उलट हातपाय, पोट सगळं घट्ट आवळायचं, दहापंधरा सेकंद, चेहरा गरम झाल्यासारखा वाटेपर्यंत, मग सोडून परत. लोक दीर्घ श्वास घे म्हणतात आणि मी तिथे मुठी आवळून बसलेलो, दिसायला विचित्र पण पडत नाही. सकाळी उठताना पण पायांना पीळ घालून मांड्या आवळायच्या, मगच चालायचं. तुलाही जमेल.

अर्धवटराव
आणि मीठ टाकून पाणी प्यायला सुरुवात कर, लो बीपीला बेस्ट.

वॉर्डातली_ताई
अरे थांब. पाणी वाढवणं ठीक आहे, मीठ डॉक्टरांना विचारूनच, किडनीचं वगैरे काही असेल तर उलटं पडेल. @झोपमोड मोजताना हात टेबलावर छातीच्या लेव्हलला ठेवतेस ना? हात वर असेल किंवा पट्टा दंडाच्या मानाने मोठा असेल तर आकडा उगाच कमी येतो.

झोपमोड
केलं ताई! आडवी ९६/६०, नाडी ५८. उभी राहून एक मिनिटाने ७८/५२, नाडी ६१, चांगलंच गरगरलं. तीन मिनिटांनी ८४/५६. पट्टा बरोबर आहे. पॉट्स नाही म्हणजे? अजून एक, धडधडीसाठी प्रोप्रॅनोलॉल चालू आहे, सकाळ संध्याकाळ, ती दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेली. त्याचा काही संबंध?

वॉर्डातली_ताई
अगं, भरपूर संबंध! ती गोळी ठोके कमी करते आणि बीपी पण. उभं राहिल्यावर नाडी जी वाढायला हवी तीच धरून ठेवते, म्हणून ५८ ची ६१ च झाली. त्यामुळे पॉट्सबद्दल या आकड्यांवरून हो पण म्हणता येत नाही आणि नाही पण. बीपी पडतंय हे नक्की, वरचा १८ ने आणि खालचा ८ ने, म्हणजे मी सांगितलेल्या २० आणि १० च्या जरासंच अलीकडे, पण गरगरतंय म्हणून दाखवायचंच. पण आता मनाने गोळी बंद करू नको, अचानक सोडली तर ठोके उसळतात, धडधड आधीपेक्षा वाढते. हेच आकडे लिहून ज्यांनी गोळी दिली त्यांना उद्या फोन कर, डोस कमी करायचा की बदलायची ते ठरवतील. लो बीपी बघणाऱ्या डॉक्टरांना ही गोळी माहितीये का?

झोपमोड
नाही, त्यांनी विचारलंच नव्हतं. उद्या दोघांनाही फोन करते.