पाऊण तासाचं प्रेम
कुणीतरी म्हटलंय की एकांकिकेच्या पाऊण तासात प्रेम फुलणार कसं, मला नाही पटलं बुवा. १९६३ पासून पुण्यात पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजच्या पोरांची एकांकिका स्पर्धा चालूये, भरत नाट्य मंदिरात एकदा जाऊन बसा, पोरं 'आव्वाज कुणाचा' करून थिएटर डोक्यावर घेतात आणि पडदा उघडला की चिडीचूप. मागे एक एकांकिका बघितली, त्यात म्हातारा बायकोच्या चष्म्याची तुटकी काडी दोऱ्याने बांधत बसलेला, ती तिकडून करवादतेय 'आधी सुई ओवून द्या', आणि दिसत दोघांनाही नाही!! बास एवढंच, प्रेम हा शब्दच नाही अख्ख्या संहितेत. शेवटी मागे गाणं वाजवलं ते मात्र उगाच, तिथे माती खाल्ली राव.