अजून माणसं द्या म्हणे!

"आणखी चार जण दिले असते तर मार्चमध्येच काम संपलं असतं" असं एका रखडलेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पाबद्दल कुणीतरी म्हटलंय, ते काही पटलं नाही. आयबीएम कंपनीच्या ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टिमचं (संगणक चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरचं) काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्सने १९७५ मध्येच लिहून ठेवलंय की रखडलेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसं ओतली की तो आणखी रखडतो. हिशोब सोपा आहे. ५ जणांत एकमेकांशी बोलायच्या जोड्या होतात १०, आणि १० जण झाले की ४५. त्यातल्या निम्म्या जोड्या तर "ती फाइल परत पाठव ना" एवढंच बोलतात.

आमच्या जळगावच्या ऑफिसात स्टॉकचं मॉड्यूल अडकलं तेव्हा पुण्याहून पोरं पाठवली. हुशार होती, वाद नाही. पण त्यांना लॉगिन मिळेपर्यंत आठवडा गेला, आणि जुना कोड समजावायला बसवला तो नेमका ज्याच्याकडे सगळं तुंबलं होतं तोच!

त्याच थंडीत शेतावर भरीत पार्टी झाली. तिथे मात्र जितके हात जास्त तितकं बरं: एक जण कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजतोय, दुसरा सोलतोय, तिसरा मिरच्या ठेचतोय, कळण्याच्या पुऱ्यांचा घाणा वेगळाच. वांगं सोलणाऱ्याला आधीच्या वांग्याचा इतिहास लागत नाही. (चव बघणारे नेहमीप्रमाणे गरजेपेक्षा जास्त होते, ते सोडा.)

सोमवारी साहेबांनी विचारलं, अजून दोघं मागवू का? अकाउंटचे आप्पा मान वर न करता म्हणाले, "आधी आलेल्यांना खुर्च्या तर द्या भो."