गंजलेले ब्रेक पाइप घरच्या घरी बदललेत? अनुभव येऊ द्या

थंडी सरली की आमच्या ओहायोत गाड्यांची पोटं उघडी पडतात. रस्त्यावर टाकलेलं मीठ बर्फाच्या चिखलातून चासीला चिकटतं आणि काही वर्षांत चाकांपर्यंत ब्रेक ऑइल नेणारे स्टीलचे ब्रेक पाइप खपल्या धरायला लागतात. २०१५ मध्ये अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा खात्याने, एनएचटीएसएने, २००७ आणि त्याआधीच्या गाड्यांच्या मालकांसाठी मुद्दाम सूचना काढली होती: हिवाळा संपला की गाडी खालून धुवा, पाइप तपासून घ्या, खपल्या सुटत असतील तर सगळे बदला. या कामाचा गॅरेजमधला आकडा ऐकला की गाडीच विकावीशी वाटते, त्यामुळे आपल्यातले बरेच जण स्वतःच खाली शिरतात. तर मंडळी, ऐकीव सल्ले नकोत. स्वतःच्या हाताने केलेलं सांगा. कुठे अडलं, कुठे हात टेकले?

मिशिगनचा मावळा
माझ्या जुन्या पिकपचं पेडल ड्राइव्हवेतच तळाला गेलं, म्हणून निभावलं. पाइप फुटला होता पेट्रोलच्या टाकीच्या वर, प्लॅस्टिकच्या क्लिपमध्ये. क्लिपच्या आत ओल आणि मीठ अडकून बसतं, त्यामुळे बाहेरचा पाइप बरा दिसतो आणि क्लिप काढली की आतला भाग हाताला लागताच सुटतो. तपासताना क्लिपा काढून बघा.

नवा पाइप घालणं हे खरं कामच नाही. जुना काढणं हे काम. चाकाकडचे नट इतके धरलेले असतात की उघडा पाना लावला की कोपरे गेलेच. पण जुना पाइप जायचाच आहे, मग त्याची दया कशाला? नटाला लागून पाइप छाटून टाकायचा आणि वरून सहा कोनी सॉकेट बसवायचा. पान्याला दाद न देणारा नट निमूट सुटतो. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं तर अजून बरं.

मी तांबं-निकेलचा ३/१६ इंची पाइप घातला, २५ फुटांचं वेटोळं मिळतं. हाताने वळतो आणि मिठाला भीक घालत नाही. निव्वळ तांब्याचा मात्र नको, गाडीच्या थरथरीने कडक होऊन चिरतो.

टोरांटोकर_नाना
मावळे, तुम्ही फ्लेअरबद्दल, म्हणजे जोडासाठी पसरवलेल्या पाइपच्या तोंडाबद्दल, एक अक्षर लिहिलं नाहीत! सगळी मेख तिथेच आहे. पाइपचं तोंड नुसतं पसरवून चालत नाही, दुहेरी दुमडावं लागतं. एकेरी फ्लेअर ब्रेकच्या दाबाला चिरतो. माझ्या जपानी गाडीला दुहेरी फ्लेअर आणि दहा मिलिमीटरचे नट होते. शेजाऱ्याच्या जर्मन गाडीला नट तसेच, पण फ्लेअर बुडबुड्याचा, म्हणजे तोंड बुडबुड्यासारखं गोल फुगवलेलं. नट बसला म्हणून फ्लेअर जुळला असं समजू नका, जुनं टोक कापून समोर ठेवा आणि तसंच करा.

माझी पद्धत: पाइप कटरने कापायचा, हॅक्सॉने नाही. आतली-बाहेरची धार काढायची. नट आधी पाइपवर सरकवायचा (फ्लेअर झाल्यावर तो घालता येत नाही!). मग टूलमध्ये पाइप पकडून थेंबभर ब्रेक ऑइल लावून हळूहळू दाबायचं. तोंड गोल, मधोमध आणि बिनचिरेचं आलं तरच वापरायचं. तिरकं आलं तर कापून पुन्हा. आधी उरल्यासुरल्या तुकड्यांवर हात बसवून घ्या.

वेंगुर्ल्याची_कुसुम
मिठासाठी बर्फच हवा असं नाही हो. आमचं घर किनाऱ्यावर, गाडी बारा महिने खाऱ्या वाऱ्यात आणि पावसाळ्यात चार महिने लाल चिखलात. खालून काळा कोट मारलेला, त्यामुळे गंज आत लपलेला. सर्व्हिसिंगवाल्यांनी पाइप कधी बघितलेच नव्हते. भावाने मागच्या ड्रमकडचा पाइप खरवडला तर कोटासकट पापुद्रे हातात आले. इथे वेटोळी वगैरे कोण ठेवतो? स्पेअरच्या दुकानातून कंपनीचा तयार पाइप मागवला, टोकं फ्लेअर केलेलीच येतात. जुना पाइप न वाकवता काढला आणि जमिनीवर शेजारी ठेवून त्याच्यासारखे बाक दिले. आणि जुना पाइप नवीन बसेपर्यंत टाकू नका, नंतर कुठला बाक कुठे होता ते आठवत नाही.

पेडलवाली
गाडीखाली कोण शिरतं त्याचे पोवाडे झाले, सीटवर कोण बसतं त्याचं कोणी विचारत नाही. पाइप बदलल्यावर ब्रेकमधली एअर काढताना पेडल दाबणारी मी. आमचे शब्द ठरलेले: तो म्हणतो "दाब", मी दाबून धरते आणि म्हणते "दाबलं". तो निपल (चाकाकडचा हवा सोडायचा स्क्रू) सैल करतो, पेडल पायाखालून खाली जातं, तो निपल बंद करून म्हणतो "बंद", तेव्हाच मी पाय उचलते. निपल उघडा असताना पाय उचलला तर काढलेली हवा पुन्हा आत. नळीतून आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग सलग ऑइल. मधूनमधून वरचा ब्रेक ऑइलचा डबा भरायचा. तो रिकामा झाला की सगळं पहिल्यापासून, आणि मग घरात जे होतं ते ऑइलने नाही धुतलं जात. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग उचलतो.

जुना_फिटर
हात थरथरायला लागल्यापासून बघतोच फक्त, तरी लिहितो. पाइप सोडायच्या आधी काठीने पेडल थोडं दाबून अडकवून ठेवा. मास्टर सिलिंडरचं (पेडल ज्यातून ऑइल ढकलतं त्याचं) भोक बंद होतं, डबा रिकामा होत नाही. एबीएस असेल तर याचं मोल दुप्पट, कारण युनिटात हवा गेली तर काही गाड्यांत स्कॅनर लावून पंप चालवल्याशिवाय ती निघत नाही.

ब्रेक ऑइलच्या डब्यावर डॉटचा आकडा असतो: डॉट ३ च्या जागी डॉट ४ चालतं. डॉट ५ सिलिकोनचं, ते यात मिसळायचं नाही. डॉट ५.१ वेगळं, ते चालतं. नावावरून फसू नका.

आणि कोणी कॉम्प्रेशन जोड घालून तुकडा जोडायला सांगितला तर त्याला नळाची कामं द्या, ब्रेकची नाही.

लीड्सवाला
इथे इंग्लंडमध्ये एमओटीत, म्हणजे गाडीच्या वार्षिक तपासणीत, पाइपवर गंज दिसला की आधी सूचना, वाढला की नापास. मी सूचना आली त्या वर्षी एकच बदलला, पुढच्या वर्षी दुसऱ्यावर नापास. एकाच वयाचे पाइप, गाडी जॅकस्टँडवर आहे तोवर सगळे उरका.

मिशिगनचा मावळा
@नाना, मान्य. @लीड्सवाला, अगदी. मी मागचे दोन्ही केले आणि पुढचे ठेवले, आता तिथेही ओल दिसतेय. फिटरकाका, सगळं बसवल्यावर तुम्ही तपासता कसं?

जुना_फिटर
इंजिन चालू, पेडल जोरात दाबून धरायचं, दुसऱ्याने प्रत्येक जोड कोरड्या कागदाने पुसून बघायचा. पेडल हळूहळू खचत असेल तर कुठेतरी गळतंय. मग गल्लीतच, पायी चालण्याच्या वेगाने, हँडब्रेकवर हात ठेवून. दुसऱ्या दिवशी सकाळी डब्याची पातळी बघितल्याशिवाय हायवेला जाऊ नका.