रोलवरून डिजिटलकडे: फुल फ्रेम घ्यावी की क्रॉप?

गोदाकाठ: माझ्याकडे निकॉन एफएम२ हा रोलचा कॅमेरा आहे आणि त्याच्या २८ व ५० मिमीच्या एआय-एस (हाताने फोकस करायच्या जुन्या) लेन्स आहेत. पंचवटीतले जुने वाडे पडण्याआधी त्यांचे फोटो काढून ठेवायचे आहेत; रोल, धुलाई आणि स्कॅनिंगचा खर्च मात्र आता झेपत नाही. बजेट ५०,००० रुपये आहे, सेकंडहँड चालेल. याच लेन्ससाठी कोणती बॉडी घ्यावी?

पाणपक्षी: क्रॉपच, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरची बॉडी घ्या. नांदूरमध्यमेश्वरला माझी ३०० मिमीची लेन्स डी७२०० वर ४५०चे काम करते.

नवा_गडी: मी गेल्या दिवाळीत दीड लाखाची मिररलेस घेतली आणि एकदाही पस्तावलो नाही. थोडे थांबा, पैसे जमवा आणि नवीनच घ्या.

अंधारखोली: पाणपक्षी, त्यांना पक्षी टिपायचे नाहीत. फुल फ्रेमचा सेन्सर ३६ × २४ मिमी, म्हणजे रोलच्या चौकटीएवढाच असतो. निकॉनच्या क्रॉपवर दीडपट धरली तर २८ची लेन्स ४२सारखी दिसेल आणि वाड्याचा दरवाजा चौकटीत बसवताना पाठ समोरच्या भिंतीला टेकेल.

पाणपक्षी: लेन्स २८चीच राहते, फक्त कडा कापल्या जातात. पर्स्पेक्टिव्ह (जवळच्या-लांबच्या वस्तूंचे दिसणारे प्रमाण) तुम्ही कुठे उभे आहात त्यावर ठरते.

अंधारखोली: तेच म्हणतो आहे, मागे सरकायला त्या गल्लीत जागाच नाही.

मेनरोड: मी घाईने सर्वांत स्वस्त क्रॉप बॉडी घेतली, जुनी लेन्स नीट बसली, पण प्रकाश मोजणारे मीटर चालेना, आणि पहिल्या दिवशीचे सगळे फोटो अंदाजाने काढावे लागले. बॉडीच्या माउंटभोवती अ‍ॅपर्चर रिंगला लागणारी छोटी खुंटी आहे का, हे आधी पाहा. आणखी एक: निगेटिव्हला जास्त प्रकाश सोसतो, डिजिटलमध्ये पांढरे जळले की परत येत नाही, म्हणून स्लाइड फिल्मसारखे, पांढरे सांभाळून एक्सपोजर धरा.

नवा_गडी: २००८ची फुल फ्रेम डी७०० मात्र कुणी सुचवू नका, १२ मेगापिक्सेलच आहेत.

पाणपक्षी: याबाबत सहमत. फुल फ्रेम घेणारच असाल तर डी७५० घ्या.

गोदाकाठ: सर्वांचे आभार. काल एका ओळखीच्यांकडची डी७०० हाताळली. २८ची लेन्स लावून त्यांच्या अंगणातून व्ह्यूफाइंडरमध्ये पाहिले, तर उंबऱ्यापासून माडीच्या कठड्यापर्यंत सगळा वाडा बसला. लेन्सची माहिती मेनूत भरताच मीटरही चालला. मला १२ × १८ इंचांपेक्षा मोठे प्रिंट काढायचे नाहीत, त्यामुळे तीच घेतली. उरलेल्या पैशांत हार्ड डिस्क येईल.