राजापूर ते रत्नागिरी-सिंधुदुर्ग : मतदार बदलला की पक्ष बदलले?

तळकोकणी (धागाकर्ता)

बॅरिस्टर नाथ पै आणि प्रा. मधु दंडवते यांना निवडून देणाऱ्या राजापूर (आताच्या रत्नागिरी-सिंधुदुर्ग) मतदारसंघाने २०२४ मध्ये नारायण राणे यांना लोकसभेत पाठवले, म्हणजे कोकणी मतदाराच्या राजकीय जाणिवेचा ऱ्हास झाला, असे विधान त्या निकालापासून सतत कानावर पडते. ते मला मान्य नाही.

१९५२ मध्ये राजापूर या नावाचा लोकसभा मतदारसंघ नव्हता. १९५७ मध्ये तो झाला आणि संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या ऐन भरात प्रजा समाजवादी पक्षाचे नाथ पै तेथून निवडून आले. त्या वर्षीचे यश चळवळीच्या खात्यावर टाकता येईल. मात्र १९६२ मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन होऊन संयुक्त महाराष्ट्र समितीचा जोर ओसरला होता, राज्यातल्या ४४ पैकी ४१ जागा काँग्रेसने जिंकल्या होत्या, आणि तरीही राजापूरने नाथ पै यांनाच निवडले. १९६७ मध्ये पुन्हा तेच झाले. जानेवारी १९७१ मध्ये त्यांचे अकाली निधन झाल्यावर दोनच महिन्यांत झालेल्या निवडणुकीत, इंदिरा गांधींची लाट असताना, दंडवते विजयी झाले; त्या वेळी प्रजा समाजवादी पक्षाचे देशभरातून अवघे दोन खासदार लोकसभेत पोहोचले, त्यांतले एक ते. त्यानंतर १९७७, १९८० आणि १९८४. या शेवटच्या निवडणुकीत काँग्रेसने राज्यात ४८ पैकी ४३ जागा घेतल्या, पण राजापूर तिच्या हाती लागले नाही. १९८९ मध्ये दंडवते पाचव्यांदा निवडून आले आणि विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री झाले.

१९९१ मध्ये काँग्रेसचे सुधीर सावंत यांनी त्यांचा पराभव केला. १९९६ पासून २००४ पर्यंत शिवसेनेचे सुरेश प्रभू चार वेळा जिंकले, २००९ मध्ये काँग्रेसचे नीलेश राणे, २०१४ आणि २०१९ मध्ये शिवसेनेचे विनायक राऊत, आणि २०२४ मध्ये भाजपचे नारायण राणे. म्हणजे १९५७ पासूनच्या १७ सार्वत्रिक निवडणुकांत काँग्रेसला येथे दोनदाच यश मिळाले. काँग्रेसेतर मत हा या मतदारसंघाचा स्थायीभाव आहे. आधी समाजवाद्यांनी, मग शिवसेनेने त्याला आसरा दिला आणि आता भाजप देत आहे. मतदार होता तेथेच आहे, त्याच्या दारात उभे राहणारे पक्ष तेवढे बदलले.

जुना समाजवादी

आपली जंत्री अचूक आहे, निष्कर्ष मात्र मला अजिबात पटत नाही. 'काँग्रेसेतर' हे केवळ नकाराचे वर्णन आहे. त्या नकाराआड मतदार कशाला होकार देत होता, हा खरा प्रश्न आहे, आणि आपण तो सोयीस्करपणे टाळला आहे. संसदेला मूलभूत हक्क कमी करता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्यात ठरवल्यानंतर संसदेला मूलभूत हक्कांच्या प्रकरणातही घटनादुरुस्तीचा अधिकार असावा, यासाठी नाथ पै यांनी खाजगी विधेयक आणले होते. ते मान्य असो वा नसो, आपला खासदार संसदेत एवढ्या मूलभूत प्रश्नावर वाद घालतो याचा अभिमान वाटणारा मतदार तेव्हा होता. दंडवते तर मूळचे अहमदनगरचे आणि मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयातले पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. त्यांचे येथे ना घराणे होते, ना जमीनजुमला, ना कारखाना. तरी कोकणाने त्यांना पाचदा निवडले. शाळामास्तर, ग्रंथालयांचे कार्यकर्ते, राष्ट्र सेवा दलाच्या शाखा आणि गावोगावच्या सभा यांतून तो मतदार घडत होता. हे जाळे विरले, त्याच्या जागी ठेकेदारी आणि दबदबा आला. यालाच मी ऱ्हास म्हणतो. मतपत्रिकेवरची काँग्रेस हरत राहिली म्हणून मतदार तोच राहिला असे म्हणणे म्हणजे गावातली विहीर आटली तरी रहाट जागेवर आहे असे सांगण्यासारखे आहे.

परळचा चाकरमानी

दोघांच्याही मांडणीतून मुंबई निसटली आहे. कोकणातले घर मुंबईच्या मनीऑर्डरवर चालत होते, आणि त्यामुळे मतही मुंबईहून येते असे पुष्कळांना वाटते. पण तसे असते तर राजापूर शिवसेनेकडे फार आधी गेले असते. शिवसेनेची स्थापना १९६६ ची. १९७० च्या परळ पोटनिवडणुकीत तिचा पहिला आमदार निवडून आला, आणि त्या गिरणगावात कोकणी माणूस दाटीने राहत होता. तरीही गावाकडचा मतदार पुढची जवळपास दोन दशके दंडवत्यांनाच निवडत राहिला. एकाच कुटुंबातला गिरणीतला भाऊ भगव्या झेंड्याखाली आणि शेतावरचा भाऊ समाजवाद्यांच्या सभेत, असे चित्र अनेक घरांत होते.

हे अंतर मिटले ते १९८२ च्या गिरणी संपानंतर, असे माझे मत आहे. काम गेलेले लोक गावी परतले आणि येताना त्यांनी शिवसेना शाखेची कार्यपद्धती आणली. खुद्द नारायण राणे हे चेंबूरच्या शाखेतून घडलेले कार्यकर्ते. १९९० मध्ये ते सिंधुदुर्गातून आमदार झाले आणि १९९९ मध्ये काही महिने मुख्यमंत्री. विनायक राऊतही तळकोकणातले खरे, पण १९९९ मध्ये ते विलेपार्ल्याचे आमदार होते. त्यामुळे 'ऱ्हास' आणि 'सातत्य' हे दोन्ही शब्द मला अपुरे वाटतात. येथे एका संघटनेची जागा दुसऱ्या संघटनेने घेतली, आणि दुसरी संघटना अडल्यानडल्याच्या कामाला लवकर धावून येत होती.

वाशिष्ठीकाठ

मला मूळ मोजणीवरच आक्षेप आहे. २००८ च्या पुनर्रचनेत राजापूर मतदारसंघ संपला. जुन्या रत्नागिरी मतदारसंघाचे दोन तुकडे झाले. दापोली आणि गुहागर रायगडला जोडले गेले, आणि चिपळूण व रत्नागिरी हे राजापूर, कणकवली, कुडाळ आणि सावंतवाडी यांच्यासह नव्या मतदारसंघात आले. आमचे चिपळूण नाथ पै यांच्या राजापूर मतदारसंघात नव्हतेच. त्यांच्या वारशाचा आम्हाला आदर आहे, पण आमच्या मतांचा हिशेब त्या खात्यात कसा धरता येईल? १७ निवडणुकांची सलग साखळी ही नावापुरती आहे.

नव्या मतदारसंघाचे खरे रूप २०२४ मध्ये दिसले. राणे ४७,८५८ मतांनी जिंकले, पण रत्नागिरी जिल्ह्यातल्या तिन्ही विधानसभा क्षेत्रांत त्यांचे प्रतिस्पर्धी राऊत पुढे होते. सिंधुदुर्गातल्या तिन्हींत, विशेषतः कणकवलीत, राणे यांनी ती पिछाडी भरून काढली. म्हणजे ही निवडणूक एका मतदारसंघाची नव्हतीच, दोन जिल्ह्यांची होती. यात समाजवाद्यांचा वारसदार शोधणे व्यर्थ आहे.

तळकोकणी

वाशिष्ठीकाठ यांचा आक्षेप २००९ नंतरच्या काळासाठी मी स्वीकारतो. १९५७ ते २००४ या १३ निवडणुकांना तो लागू होत नाही, आणि तेवढ्या काळात काँग्रेसला राजापूर एकदाच मिळाले. 'जुना समाजवादी' यांना मात्र एक विचारायचे आहे. ऱ्हास १९९० नंतर आला असेल, तर सुरेश प्रभूंना चार वेळा निवडणाऱ्या मतदाराचे काय करायचे? सनदी लेखापाल, सारस्वत बँकेचे माजी अध्यक्ष, वाजपेयी मंत्रिमंडळात पर्यावरण आणि ऊर्जा ही खाती सांभाळलेला हा माणूस दबदब्याचा प्रतिनिधी खासच नव्हता. अभ्यासू खासदाराची आवड दंडवत्यांबरोबर संपली नाही, ती शिवसेनेच्या धनुष्यबाण चिन्हावरही टिकली.

जुना समाजवादी

प्रभूंचे उदाहरण आपल्याच विरोधात जाते. तोच अभ्यासू माणूस २००९ मध्ये नीलेश राणे यांच्याकडून हरला, कारण २००५ मध्ये नारायण राणे यांनी शिवसेना सोडली तेव्हा सिंधुदुर्गातली संघटनाही त्यांच्याबरोबर काँग्रेसमध्ये गेली होती. पुढे प्रभू रेल्वेमंत्री झाले ते राज्यसभेतून, तेही हरियाणाच्या वाट्याच्या जागेवरून. मते प्रभूंना मिळत होती की त्यांच्यामागच्या यंत्रणेला, याचे उत्तर २००९ ने दिलेले आहे.

देवगड हापूस

कामाचा विषय कोणीच काढला नाही म्हणून लिहितो. कोकण रेल्वे हे दंडवत्यांचे आयुष्यभराचे ध्येय. जनता सरकारात रेल्वेमंत्री असताना त्यांनी त्यासाठी पाया घातला, आणि अर्थमंत्री असताना, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असलेल्या त्याच सरकारात, जुलै १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. वर्षभराच्या आत मतदाराने दंडवत्यांना घरी बसवले. २६ जानेवारी १९९८ ला संपूर्ण मार्ग खुला झाला तेव्हा खासदार शिवसेनेचा होता. विचारांची कदर करणारा मतदार म्हणून ज्याचे गोडवे आपण गातो, त्याने एवढे मोठे काम हाती घेणाऱ्यालाच पाडले, आणि त्या वेळी ना शाळामास्तर नाहीसे झाले होते, ना ग्रंथालये. तेव्हा ऱ्हासाची तारीख १९९० नंतर कुठेतरी आहे असे धरून चालण्याआधी १९९१ चा निकाल नीट समजून घ्यावा लागेल. त्या वर्षी राज्यात काँग्रेसने ४८ पैकी ३८ जागा जिंकल्या, हे केवळ अर्धे उत्तर आहे. १९८४ ची लाट त्याहून मोठी होती आणि राजापूर तेव्हा वाहून गेले नव्हते.

उलट दिशेचे उदाहरणही आहे. नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाला विरोध करणाऱ्यांच्या मागणीवरून २०१९ च्या निवडणुकीच्या तोंडावर भूसंपादन रद्द झाले आणि राऊत पावणेदोन लाखांच्या आसपास मताधिक्याने जिंकले. पुढे बारसूचे तेलशुद्धीकरण प्रकल्पाविरुद्धचे आंदोलन त्याच राजापूर तालुक्यात झाले, २०२४ च्या लोकसभेला राजापूर क्षेत्राने राऊतांना आघाडीही दिली, पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विधानसभेच्या सहाही जागा महायुतीकडे गेल्या, राजापूरसह. सहा महिन्यांत एवढा फरक पडतो तो कशामुळे, हे कोणी प्रकल्पग्रस्त गावांतल्या मतदान केंद्रांचे आकडे समोर ठेवून मांडले तर हा वाद पुढे सरकेल.